भरदुपारचा सैतान आणि खिशातला फोन

रविवारची उपासना सुरू असते. पाळक शास्त्रपाठाचा अध्याय सांगतात आणि बाकांवरून पानांच्या सळसळीऐवजी फोनच्या स्क्रीन उजळतात. मराठी बायबल आता फोनमध्ये मिळते; परदेशी येताना सामानात जाड ग्रंथासाठी जागा करावी लागत नाही. सोय मोठीच आहे. पण वचन वाचून होण्याआधीच त्याच स्क्रीनच्या वरच्या कडेला कार्यालयाचा एक निरोप उतरतो, पाठोपाठ गावाकडच्या नातेवाइकांच्या ग्रुपवरचे छायाचित्र. अंगठा सवयीने तिकडे वळतो. नजर पुन्हा वचनावर येते तेव्हा प्रवचन सुरू होऊन काही मिनिटे उलटलेली असतात.

असा अनुभव कोणत्याही देशातल्या, कोणत्याही पंथाच्या ख्रिस्ती माणसाला नवा नाही. एकाग्रतेने प्रार्थना होत नाही, वाचलेले मनात उतरत नाही, उपासनेला शरीर हजर आणि मन गैरहजर, ही तक्रार आज सर्रास ऐकू येते. तिचे खापर बहुधा तंत्रज्ञानावर फुटते किंवा स्वतःच्या दुबळ्या इच्छाशक्तीवर. ख्रिस्ती परंपरा मात्र या दुखण्याला फोनच्या कितीतरी आधीपासून ओळखते. तिने त्याला नाव दिले, त्याची लक्षणे टिपली आणि त्यावर उपायही सांगितले.

वाळवंटातले निदान

चौथ्या शतकात इव्हाग्रियस पाँटिकस नावाचा विद्वान कॉन्स्टँटिनोपल या राजधानीत नावारूपाला आला होता. पुढे ते वैभव सोडून तो इजिप्तच्या वाळवंटात गेला आणि इसवी सन ३९९ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथल्या संन्याशांमध्ये राहिला. माणसाला देवापासून दूर नेणाऱ्या आठ विचारांची त्याने मांडणी केली. त्यांतल्या एकाला त्याने ग्रीक भाषेत ‘अकेडिया’ म्हटले. शब्दाचा मूळ अर्थ ‘आस्था नसणे’. स्तोत्रसंहितेच्या एक्याण्णवाव्या स्तोत्राच्या ग्रीक भाषांतरातून शब्द घेऊन त्याने त्याला ‘भरदुपारचा सैतान’ असेही नाव दिले.

त्याने टिपलेली लक्षणे आजच्या वाचकाला चकित करतील. सकाळी दहाच्या सुमारास हा विचार संन्याशाला घेरतो. सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा झाला आहे, असे त्याला वाटू लागते. तो वारंवार खिडकीकडे पाहतो, जेवणाची वेळ झाली का म्हणून बाहेर डोकावतो, कुणी भेटायला येते आहे का याचा कानोसा घेतो. मग त्याला राहती जागा नकोशी होते, हातातले काम नकोसे होते, आपल्यावर कुणाचे प्रेमच उरलेले नाही असे वाटते. दुसरीकडे कुठे गेलो तर सारे सोपे होईल, असे मन सांगू लागते. घरच्या माणसांच्या आणि मागच्या आयुष्याच्या आठवणी दाटतात. खिडकीच्या जागी फोन ठेवला तर हे वर्णन दुबईतल्या, लंडनमधल्या किंवा न्यू जर्सीतल्या एखाद्या कार्यालयातल्या दुपारचे वाटावे.

पुढे सहाव्या शतकात पोप पहिले ग्रेगरी यांनी या यादीची फेरमांडणी केली आणि कालांतराने अकेडियाची ओळख ‘आळस’ एवढीच उरली. त्यामुळे निदानातली महत्त्वाची खूण पुसट झाली. इव्हाग्रियसचा संन्यासी झोपलेला नाही. तो सारखा काहीतरी करतो आहे, फक्त जे करायला तो तिथे आला ते सोडून. दिवसभर कामात बुडालेल्या माणसालाही हा आजार असू शकतो, किंबहुना त्यालाच तो लवकर लक्षात येत नाही.

आधुनिक संशोधनही या निरीक्षणाच्या जवळ येते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील संशोधक ग्लोरिया मार्क यांनी संगणकावर काम करणाऱ्यांची नजर एका स्क्रीनवर किती वेळ टिकते, हे अनेक वर्षे मोजले. २००४ मध्ये ही सरासरी सुमारे अडीच मिनिटे होती. अलीकडच्या काळात ती ४७ सेकंदांच्या आसपास आली. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवून दिले की, एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळले तरी लक्षाचा काही भाग पहिल्या कामातच अडकून राहतो. रात्री अकराला लॅपटॉप मिटून लगेच प्रार्थनेला बसणाऱ्याचे मन प्रार्थनेत का नसते, याचे हे एक साधे उत्तर आहे. त्यात पाप शोधण्याची घाई नको.

दोन कथांची शेजारी शेजारी मांडणी

मन विखुरले म्हणून काय बिघडते? कामातली एकाग्रता घटते, झोप उडते, हे नुकसान तर आहेच. पण ख्रिस्ती श्रद्धेच्या दृष्टीने मुख्य नुकसान वेगळे आहे आणि ते लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात स्पष्ट दिसते.

या अध्यायात दोन प्रसिद्ध कथा लागोपाठ येतात. पहिली दयाळू शोमरोन्याची. लुटारूंनी मारहाण करून अर्धमेला टाकलेला माणूस रस्त्याच्या कडेला पडलेला आहे. याजक त्याला पाहतो आणि पुढे जातो, लेवीही पाहतो आणि पुढे जातो. शोमरोनी मात्र पाहून थांबतो. दुसरी कथा मार्था आणि मरिया या बहिणींची. येशू घरी आला आहे. मरिया त्याच्या पायाशी बसून ऐकते, मार्था पाहुणचाराच्या धांदलीत आहे. मार्थेच्या स्थितीसाठी मूळ ग्रीकमध्ये आलेल्या शब्दात चहूबाजूंनी ओढले जाण्याचा अर्थ आहे. येशू तिच्या कामाला नावे ठेवत नाही. अनेक गोष्टींसाठी चाललेली तिची तगमग तो तिच्या लक्षात आणून देतो.

एका कथेत शेजाऱ्याकडे लक्ष, दुसरीत प्रभूकडे. देवावर प्रीती आणि शेजाऱ्यावर प्रीती या दोन आज्ञांचा उल्लेख याच अध्यायात, या कथांच्या आधी येतो. लक्ष देता येणे ही प्रीतीची पहिली पायरी आहे, असे या क्रमातून समजते. लक्ष विखुरते तेव्हा केवळ प्रार्थना बिघडत नाही. जेवणाच्या टेबलावर मूल काही सांगत असते आणि आईबाप मान डोलावत स्क्रीन पाहत असतात. फोनवर गावाकडची आई गुडघ्याचे दुखणे दुसऱ्यांदा सांगते, कारण पहिल्यांदा कुणी ऐकलेच नव्हते. याजक आणि लेवी हे दुष्ट होते असे कथा म्हणत नाही. त्यांनी पाहिले, पण ते थांबले नाहीत.

म्हणूनच ख्रिस्ती आत्मिक आरोग्य आणि ताणमुक्तीची साधना या दोन गोष्टी एक नाहीत. शांत वाटणे हा प्रार्थनेचा आनुषंगिक लाभ असू शकतो. तिची कसोटी मात्र माणूस देवासाठी आणि समोरच्यासाठी उपलब्ध होतो की नाही, ही आहे.

इच्छाशक्तीपेक्षा वेळापत्रक

संन्याशांनी या आजारावर शोधलेला उपाय विलक्षण व्यावहारिक होता. मनाशी कुस्ती खेळण्यापेक्षा त्यांनी दिवसाची रचना बदलली. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठांसाठी लिहिलेल्या त्र्याहत्तर प्रकरणांच्या नियमावलीत प्रार्थना, श्रम आणि वाचन यांच्या वेळा बांधून दिल्या. प्रार्थनेचा संकेत होताच हातातले काम आहे तसे ठेवून निघावे, असा त्यात दंडक आहे. काम संपल्यावर प्रार्थना करू असे म्हणणाऱ्याचे काम कधीच संपत नाही, हे या नियमामागचे शहाणपण.

हे मठापुरते राहिले नाही. १५४९ मध्ये इंग्लंडमध्ये थॉमस क्रॅन्मर यांनी सामान्य प्रार्थनापुस्तक सिद्ध केले, तेव्हा मठांतल्या दिवसभराच्या प्रार्थना दोन वेळांत बसवल्या, सकाळी आणि सायंकाळी, आणि त्या लोकांच्या भाषेत आणल्या. रोमन कॅथलिक परंपरेत त्याच सुमाराला, १५४८ मध्ये, संत इग्नेशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथाला पोपची मान्यता मिळाली. त्यातले आत्मपरीक्षण पाच टप्प्यांचे आहे: मिळालेल्या दानांबद्दल आभार, स्वतःला नीट पाहता यावे म्हणून कृपेची याचना, सरल्या दिवसाची तपासणी, चुकांची क्षमा आणि पुढच्या दिवसाचा संकल्प. दहा-पंधरा मिनिटांत होणारी ही साधना आगगाडीच्या प्रवासातही करता येते.

वाचनाचीही एक जुनी रीत आहे. बाराव्या शतकातील कार्थुसियन संन्यासी दुसरे ग्विगो यांनी तिच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान. उतारा लहान घ्यायचा, सावकाश वाचायचा, एखाद्या शब्दापाशी मन अडले तर तिथेच थांबायचे. फोनवरच्या वाचनाची सवय याच्या नेमकी उलट आहे. तिथे बोट सतत वर सरकत असते.

मन भरकटणारच, हेही या परंपरेला ठाऊक आहे. इव्हाग्रियसच्या शिकवणुकीचा वारसा पश्चिमेकडे नेणारे जॉन कॅसियन स्तोत्रातले एकच लहान वचन दिवसभर पुन्हा पुन्हा म्हणण्याचा सल्ला नोंदवतात. मन शंभर वेळा निसटले तर शंभर वेळा परत आणायचे. हे परत येणे म्हणजेच साधना. नामस्मरण ज्याच्या घरात ऐकू येत होते त्या मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

मराठी घरातला ठेवा

मराठी ख्रिस्ती परंपरेने या शिस्तीला आपला आवाज दिला. इंग्लंडहून गोव्यात आलेले जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ मोठ्याने म्हणण्यासाठी आणि एकत्र बसून ऐकण्यासाठी होता. ओवीची लय घाई करू देत नाही. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग आणि भजन ख्रिस्ती उपासनेत आणले. त्यांची पदे मराठी चर्चमध्ये आजही गायली जातात. वाचताना निसटणारे मन गाताना थोडे अधिक टिकते, याची प्रचिती अनेकांना असते.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण तर व्यग्र माणसाची सबब हिरावून घेणारे आहे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आलेल्या शेकडो स्त्रिया आणि मुली यांची जबाबदारी त्यांच्यावर होती. अन्न, औषधे, शिक्षण, कामधंदा असे सगळे पाहत असतानाच त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. अनेक वर्षे चाललेले ते काम त्यांनी १९२२ मधील मृत्यूपूर्वी पूर्ण केले. रिकामा वेळ मिळाल्यावर त्यांनी ते केले नव्हते. रिकामा वेळ त्यांच्याकडे नव्हताच.

वसईच्या किंवा मुंबईच्या कॅथलिक घरांतली संध्याकाळची रोझरी, अहमदनगरकडच्या घरांतली जेवणापूर्वीची कौटुंबिक प्रार्थना, हीसुद्धा याच शिस्तीची रूपे. मुलाला कंटाळा येत असे, तरी सगळे बसत म्हणून तोही बसे. परदेशात पहिल्यांदा तुटतो तो हाच धागा. तिथे घंटा ऐकू येत नाही, हाक मारणारी आजी नसते आणि घरातल्या दोघांच्या कामाच्या वेळाही जुळत नाहीत.

परमुलखातला शब्बाथ

वेळेचा प्रश्न आखाती देशांत अधिक ठळक दिसतो. तिथे साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असल्याने अनेक मंडळ्यांनी मुख्य उपासना वर्षानुवर्षे शुक्रवारी घेतली. संयुक्त अरब अमिरातीने जानेवारी २०२२ पासून शासकीय सुट्टी शनिवार-रविवारवर आणली, तरी शेजारच्या बहुतेक देशांत शुक्रवारच कायम आहे. वार बदलला म्हणून विश्रांतीची आज्ञा बदलली नाही. अनुवादाच्या पुस्तकात या आज्ञेचे कारण मिसर देशातील दास्याशी जोडलेले आहे: तुम्ही गुलाम होता, म्हणून आता स्वतः थांबा आणि हाताखालच्यांनाही थांबू द्या. हाताखालच्या माणसाला सुट्टीच्या दिवशी निरोप पाठवणाऱ्या व्यवस्थापकाने हे वाक्य दोनदा वाचावे असे आहे.

रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेला किंवा तीन कालविभागांत बैठका घेणाऱ्या अभियंत्याला ठरलेला तास सापडणे कठीण. तिथे घड्याळाऐवजी घटनेला प्रार्थना बांधता येते: घराची किल्ली फिरवताना, पाळी बदलताना, गाडी सुरू करण्याआधी. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून छापील बायबलमधल्या चार ओळी, झोपण्यापूर्वी पाच टप्प्यांचे आत्मपरीक्षण, आठवड्यातले एक जेवण स्क्रीनविना, आणि महिन्यातून एकदा तरी कुणासोबत मराठीतून प्रार्थना. एवढ्यावरूनही आरंभ होतो. सोबत महत्त्वाची आहे, कारण एकट्याचा निश्चय एकट्यालाच मोडता येतो.

एक सावधगिरी मात्र हवी. आठवडेच्या आठवडे टिकणारी उदासी, झोप आणि भूक हरपणे, जगणे नकोसे वाटणे ही नैराश्याची लक्षणे असू शकतात. त्याला अकेडिया म्हणून प्रार्थनेवर सोपवू नये, डॉक्टरांकडे जावे. अशा वेळी मदत मागणे हा श्रद्धेचा पराभव नाही.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात येशूचा एक गजबजलेला दिवस येतो. सायंकाळी सारे गाव दाराशी लोटले आहे, आजारी माणसांची रीघ आहे. दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच तो उठून एकांतात प्रार्थनेला जातो. शिष्य त्याला शोधत येतात आणि सगळे तुमची वाट पाहत आहेत, असे सांगतात. त्या निरोपानंतर तो उठतो आणि लोकांकडेच जातो, मात्र परत त्याच दाराशी नाही तर आसपासच्या गावांकडे. कुठे जायचे हे त्याने गर्दीला ठरवू दिले नाही. पहाटेच्या त्या एकांताने ते आधीच ठरवलेले होते.