ढिगाऱ्याखालून सुटलेला सोबती

१९४१ साली बायवॉटर्स व बील या डॉक्टरांनी लंडनच्या बाँबहल्ल्यांतील एक गोष्ट नोंदली : ढिगाऱ्यातून जिवंत काढलेली माणसे पुढे मूत्रपिंडे निकामी होऊन दगावत. चिरडलेल्या स्नायूंतील मायोग्लोबिन रक्तावाटे मूत्रपिंडात जाऊन तेथील सूक्ष्म नलिकांना इजा करते. दुखावलेल्या पेशी मग ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, इंटरल्यूकिन-६ अशी दाहकारक प्रथिने सोडतात. हा जणू धोक्याचा भोंगाच! तो ऐकून रक्तातील पांढऱ्या पेशी सफाईला धावतात. पण भोंगा थांबलाच नाही, तर दाह वाढून शेजारच्या धडधाकट पेशीही मरतात.

म्हणून आम्ही कामगारांना सांगत असतो : भिंतीखाली सापडलेला सोबती बोलतो आहे, एवढ्यावर विसंबू नका. शिरेतून सलाईन शक्यतो त्याला बाहेर काढण्यापूर्वीच सुरू व्हावे. लघवी काळपट वा कमी झाली का, हे पाहिलेच पाहिजे. ही मागणी दयेची नव्हे, हक्काची आहे.