वेल्डिंग : दुरून किती शिकता येते?

हल्ली मोबाइल उघडला की ‘घरबसल्या वेल्डिंग शिका आणि प्रमाणपत्र मिळवा’ अशा जाहिराती पाहावयास मिळतात. मग पालक शाळेत येऊन विचारतात, “काय हो गुरुजी, पोराची फी भरू का?” दुसरीकडे, कारखान्यात दहा-पंधरा वर्षे काढलेला एखादा कसबी वेल्डर विचारतो, मला असे घरी बसून शिकवता येईल का? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत, तेव्हा त्यांचा विचार बरोबरच केलेला बरा. मी महाविद्यालयात शिकवणारा माणूस, वेल्डिंगवर पोट भरणारा नव्हे. पण शिकवता काय येते आणि काय येत नाही, हा प्रश्न माझ्याही पेशाचा आहे.

आपला लोहार बैलगाडीच्या चाकाची धाव जोडतो तेव्हा पट्टीची दोन टोके भट्टीत पांढरी होईपर्यंत तापवतो आणि घणाखाली ती एकजीव करतो. विजेच्या वेल्डिंगमध्ये भट्टीचे काम आर्क करतो. रॉडचे टोक लोखंडापासून साधारण रॉडच्या जाडीइतकेच, म्हणजे तीनेक मिलिमीटर, वर धरावयाचे. तेवढ्या फटीत आर्क पेटतो आणि सुमारे १५०० अंश सेल्सिअसला वितळणारे पोलाद पाण्यासारखे होते. आता गंमत बघा. रॉड जळत जाऊन आखूड होत असतो. म्हणजे हात पुढे सरकवावयाचा आणि त्याच वेळी खालीही आणावयाचा. तोही एका चालीने, न थांबता. अंतर वाढले की शिंतोडे उडतात, कमी झाले की रॉड चिकटून बसतो. ही चाल सायकल चालवण्यासारखी आहे. वाचून ती कुणालाही आलेली नाही.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आपल्या आयटीआयमध्ये, हा अभ्यासक्रम एक वर्षाचा असतो आणि आठवी पास मुलाला त्यास प्रवेश मिळतो. तिथल्या फलकावर या धंद्याचे नाव ‘संधाता’ असे भारदस्त लिहिलेले असते; मुले मात्र वेल्डरच म्हणतात. वर्कशॉपमध्ये निदेशक मुलाच्या मागे उभा राहतो, प्रसंगी त्याचे मनगट धरून हात चालवतो, आणि मुख्य म्हणजे कान देऊन ऐकतो. आर्क बरोबर चालला असेल तर कढईत भजी तळताना येतो तसा एकसारखा चरचर आवाज येतो. आवाज फुटला, अडखळला की पाठ फिरवून उभ्या असलेल्या निदेशकालाही कळते की हात चुकला.

आता हेच फोनवरून करू म्हटले तर काय होते? व्हिडिओवर बोलण्याच्या बहुतेक व्यवस्था ‘पाठीमागचा गोंगाट’ आपोआप गाळून टाकतात, आणि त्यांच्या लेखी ही चरचर म्हणजे गोंगाटच! शिकवणाऱ्याला नेमके जे ऐकावयाचे असते तेच नाहीसे होते. ती गाळणी मुद्दाम बंद करावी लागते, हे पुष्कळांच्या ध्यानीही येत नाही. चित्राचेही तसेच. आर्ककडे फोन रोखला की पडद्यावर नुसता पांढरा लोळ दिसतो आणि कॅमेऱ्यालाही इजा पोहोचू शकते. म्हणून वेल्डरच्या शील्डमध्ये असते तशी १० किंवा ११ नंबरची काच कॅमेऱ्यापुढे लावावी लागते. मग वितळलेल्या धातूचे तळे आणि त्याची कडा बऱ्यापैकी दिसते. खास वेल्डिंगसाठी बनवलेले कॅमेरेही मिळतात, पण ते खेड्यातल्या मुलाच्या आवाक्यातले नाहीत. इतके करूनही मनगट धरणारा हात काही फोनमधून बाहेर येत नाही.

मग दुरून काहीच शिकता येत नाही का? येते, आणि ते फार मोलाचे आहे. नकाशा वाचणे, सांध्यांच्या खुणा ओळखणे, रॉडवरचे आकडे समजून घेणे, करंट किती ठेवावा हे ठरवणे, हा सगळा भाग घरी बसून उत्तम होतो. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे झालेला सांधा वाचणे. सांधा कसा झाला हे सांध्यावरच लिहिलेले असते. रेघ अरुंद आणि उंच, सरीच्या वरंब्यासारखी बसली असेल तर करंट कमी पडला. कडेला खाच पडली असेल तर करंट जास्त झाला किंवा आर्क लांब राहिला. सुईने टोचल्यासारखी भोके दिसत असतील तर जाणता शिक्षक आधी विचारील, “रॉड ठेवता कुठे?” पावसाळ्यात उघड्यावर पडलेला रॉड ओल धरतो आणि ती ओल सांध्यात उतरते. नाहीतर पत्र्यावरचा गंज किंवा रंग खरवडलेला नसतो. चांगल्या उजेडात, शेजारी पट्टी ठेवून काढलेला साधा फोटो एवढे सगळे सांगू शकतो.

पण वरून गोंडस दिसणारा सांधा आतून पोकळ असू शकतो. त्यावर एक जुनी, बिनखर्चाची परीक्षा आहे. दोन तुकडे एकावर एक काटकोनात उभे करावयाचे, एकाच बाजूने वेल्डिंग करावयाचे आणि उभा तुकडा त्या सांध्याच्या बाजूला मुडपेल अशा बेताने, डोळ्यांना चष्मा लावून, हातोड्याने पाडावयाचा. सांधा फुटला की आतले पोट दिसते. मुळापर्यंत धातू मिसळला आहे की तिथे काळी रेघ राहिली आहे, मळी अडकली आहे की काय, सारे उघड होते. विद्यार्थ्याने दर आठवड्याला असे चार सांधे तोडून त्यांचे फोटो धाडले आणि शिक्षकाने एकेकावर सविस्तर उत्तर दिले, तर ते शिक्षण खरे. नुसते व्हिडिओ दाखवून फी घेणे म्हणजे पोहण्याची चित्रे दाखवण्यासारखे आहे.

धोक्याविषयी थोडे स्पष्टच बोलले पाहिजे. उघड्या डोळ्यांनी आर्क पाहिला तर त्या क्षणी काही वाटत नाही. रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखी आग होते. बटाट्याचे काप ठेवून भागवू नये, डॉक्टरला दाखवावे. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा बंद खोलीत जोडला तर त्याच्या धुराने थंडी वाजून ताप भरतो. ओल्या हाताने होल्डर धरला तर धक्का बसू शकतो. आणि डिझेलचे किंवा रॉकेलचे रिकामे पिंप? ते रिकामे दिसते, पण आत वाफ असते. आर्क लागताच ते बॉम्बसारखे फुटते. यात माणसे मेली आहेत. शंभर कोसांवरचा शिक्षक “थांब!” असे ओरडेपर्यंत व्हायचे ते होऊन गेलेले असते. म्हणून विद्यार्थ्याजवळ एक जाणता माणूस हजर असल्याखेरीज मशीन सुरू करू नये.

हा जवळचा माणूस दूरशिक्षणाला नवा नाही. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० खेड्यांत रेडिओ शेतकरी मंडळे चालवली. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. रेडिओ दूर होता, पण मंडळ गावातच भरत होते. वेल्डिंगच्या बाबतीत ते मंडळ म्हणजे गावातले किंवा तालुक्याचे फॅब्रिकेशनचे दुकान. सकाळी फोनवर पाठ आणि दुपारी दुकानात मशीनवर हात, अशी जोडणी झाली तर पैसे कारणी लागतात.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली तेव्हा याचीच प्रचीती आली. पुस्तकी भाग फोनवरून पुढे सरकला, वर्कशॉपला मात्र कुलूप राहिले. यावर उपाय म्हणून आभासी वेल्डिंगच्या यंत्रांकडे बोट दाखवले जाते. अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या लिंकन इलेक्ट्रिक कंपनीचे ‘व्हीआरटेक्स’ हे त्यांपैकी एक. त्यात विद्यार्थी डोक्यावर शील्ड चढवतो, हातात खोटा होल्डर धरतो, आणि आर्कचे अंतर, हाताचा कोन व चाल यांचे गुण यंत्र देते. रॉड आणि लोखंड वाचते, भाजण्याची भीती नाही. सुरुवातीचा सराव म्हणून ते चांगले. परंतु हे यंत्र संस्थेत असावयाचे, घरात नव्हे, आणि त्यानंतर खऱ्या लोखंडावर हात बसवावाच लागतो.

प्रमाणपत्राचेही तेच. बॉयलर किंवा दाबाची भांडी बनवणाऱ्या कारखान्यात तुमचा कागद पाहून कोणी थांबत नाही. एएसएमई या अमेरिकन संस्थेच्या संहितेच्या नवव्या भागाप्रमाणे परीक्षा होते तेव्हा उमेदवाराने जोडलेल्या तुकड्याच्या पट्ट्या कापून त्या वाकवून पाहता येतात. ३ मिलिमीटरहून मोठी भेग उघडली की नापास. तेव्हा फी भरण्यापूर्वी गुरुजींनी पालकांच्या वतीने एवढे विचारावे : मशीनवर हात कुठे बसवणार, सांधे तोडून कोण तपासणार आणि तो तपासणारा स्वतः कुठे काम करून आला?

शेवटचा प्रश्न शिकवू इच्छिणाऱ्यांचा. सरळ वाट अशी : आयटीआय, मग १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कारखान्यात उमेदवारी, काही वर्षांची नोकरी, आणि नंतर शिल्पनिदेशकांसाठी असलेला एक वर्षाचा अभ्यासक्रम. तो राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थांमध्ये चालतो. त्यांपैकी एक मुंबईत आहे. वेल्डरचा वर्ग कोणत्या संस्थेत आहे हे त्या वर्षीच्या प्रवेशपुस्तिकेत पाहून घ्यावे. हे झाले की आयटीआयची वाट खुली होते, आणि दुरून शिकवण्याचे काम जोडीला करता येते : मराठीतून पाठ तयार करणे, विद्यार्थ्यांचे सांधे तपासणे, परीक्षेची तयारी करून घेणे. मराठीत हे नेमकेपणाने सांगणाऱ्यांना काम आहे, असे मला वाटते. मात्र होल्डर खाली ठेवून नुसते कॅमेऱ्यापुढे बसू नये. वर सांगितलेल्या संहितेत एक कडक नियम आहे : एखाद्या पद्धतीचे वेल्डिंग सहा महिने केले नाही, तर पास झालेल्या वेल्डरचीही त्या पद्धतीची पात्रता संपते आणि त्याला पुन्हा परीक्षेला बसावे लागते.