कुत्र्याला घेऊन केबीआरला? आधी हे वाचा

महाभारताच्या शेवटी इंद्राने स्वर्गाच्या दारात कुत्र्याला अडवलं, तेव्हा धर्मराज अडून बसला: कुत्रा नाही तर मीही नाही. केबीआर पार्कच्या गेटवरही असा एखादा धर्मराज वॉचमनशी हुज्जत घालताना दिसतो. "भैया, हमारा कुत्ता कुछ नै करता!" फरक एवढाच, की इथे वॉचमनचं बरोबर असतं. का, ते सांगते.

पहिलं कारण कायद्याचं. केबीआर, म्हणजे कासू ब्रह्मानंद रेड्डी पार्क, ही नुसती फिरायची बाग नाही. १९९८ पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे. चिलकूरचं मृगवनी आणि वनस्थलीपुरमचं महावीर हरिण वनस्थली हीसुद्धा आपल्या शहराची राष्ट्रीय उद्यानंच. तिन्हींना १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो. त्यातली 'शिकारी'ची व्याख्या फक्त मारण्यापुरती नाही. प्राण्याचा पाठलाग करणं, त्याला हाकणं, तसा प्रयत्न करणं, हे सगळं तिच्यात येतं. आपला टॉमी खेळत असेल, पण पुढे पळणाऱ्या चितळासाठी तो खेळ नसतो.

"पण मी पट्टा सोडतच नाही," असं कोणी म्हणेल. सिडनीजवळच्या जंगलात नेमकं हेच तपासलं गेलं. २००७ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात, पट्ट्याला बांधलेला कुत्रा नुसता वाटेवरून नेला तरी तिथल्या पक्ष्यांची संख्या ४१ टक्क्यांनी कमी भरली. तो भुंकला, धावला असं काही नाही. त्याचं तिथे असणंच पुरलं. केबीआर जेमतेम दीड चौरस किलोमीटरचं, चारही बाजूंनी रस्ते. तिथल्या मोराने घाबरून जायचं तरी कुठे?

तिसरं कारण रोगाचं. डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणू जंगली मांसाहारी प्राण्यांनाही होतो. १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत त्याने जवळपास एक तृतीयांश सिंह नेले. २०१८ मध्ये गीरमध्ये वीसहून जास्त सिंह दगावले, तेव्हा काहींच्या तपासणीत हाच विषाणू सापडला. आणि धोका उलट्या दिशेनेही असतो: बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कुत्रा हे बिबट्याचं नेहमीचं भक्ष्य आहे.

अमेरिकेतले नातेवाईक कुत्र्यासोबतचे हायकिंगचे फोटो पाठवतात, म्हणून तिथे सगळं चालतं असं वाटतं. तसं नाही. शेनान्डोआमध्ये बहुतेक पायवाटांवर कुत्रा चालतो, तोही सहा फुटांच्या आतल्या पट्ट्याने. यलोस्टोनच्या पायवाटांवर मुळीच नाही.

मग जायचं कुठे? कोंडापूरला महापालिकेने २०१८ मध्ये खास कुत्र्यांसाठी पार्क सुरू केलं आहे. चढायचंच असेल तर खाजागुड्याचे खडक आहेत. ते राष्ट्रीय उद्यान नाही. सुट्टीत महाराष्ट्रात ट्रेकला जाणार असाल तर नकाशा नीट बघा. हरिश्चंद्रगड, कळसूबाई, वासोटा हे अभयारण्यांच्या हद्दीत येतात. तिथे कुत्रा न्यायचा बेत आखण्याआधी वनखात्याला विचारा.

निघण्यापूर्वी रेबीज आणि डिस्टेंपरची लस झालेली हवी. परत आल्यावर कानामागे आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधा. पाणी त्याच्यासाठी वेगळं घ्या. आणि आपला ग्रॅनाइट उन्हात तव्यासारखा तापतो: हाताची मागची बाजू पाच सेकंद दगडावर टेकवून पाहा. तुम्हाला सोसवत नसेल, तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. उजाडताच निघा, ऊन चढायच्या आत घरी या.