वस्तूतील घातक रसायने आणि पुरवठादाराचे उत्तरदायित्व

बाजारातील व्यवहारात विक्रेत्याला वस्तूविषयी जेवढे ठाऊक असते तेवढे ग्राहकाला नसते. माहितीच्या या विषमतेचे विश्लेषण जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने केले. २००१ मध्ये त्यांना मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मोटारीतील दोष निदान काही महिन्यांत उघडकीस येतो. प्लॅस्टिकमधील थॅलेट किंवा धातूतील शिसे मात्र वर्षानुवर्षे वापरूनही कळत नाही. अशा ठिकाणी माहिती देणे कायद्याने बंधनकारक करावे लागते.

युरोपीय संघाने १ जून २००७ पासून अमलात आणलेला ‘रीच’ हा विनियम या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. त्याच्या कलम ३३ नुसार, वस्तूत ‘अतिचिंताजनक’ यादीतील पदार्थ वजनाने ०.१ टक्क्याहून अधिक असल्यास पुरवठादाराने पुढील व्यावसायिक खरेदीदाराला ते न विचारता कळवावयाचे असते. किमान पदार्थाचे नाव तरी द्यावेच लागते. सामान्य ग्राहकाने विचारणा केल्यास ४५ दिवसांच्या आत, विनामूल्य, उत्तर देणे बंधनकारक आहे. २००८ मध्ये १५ पदार्थांनी सुरू झालेली ही यादी आता २४० हून अधिक नोंदींची झाली आहे.

०.१ टक्का कशाचा, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. समजा, १५ किलोग्रॅम वजनाच्या सायकलीच्या १०० ग्रॅमच्या मुठीत ५ ग्रॅम थॅलेट आहे. संपूर्ण सायकलीच्या वजनाशी हे प्रमाण जेमतेम ०.०३ टक्के, मुठीच्या वजनाशी मात्र ५ टक्के. युरोपीय न्यायालयाने १० सप्टेंबर २०१५ रोजी दिलेल्या निर्णयानुसार प्रत्येक घटकवस्तूचा स्वतंत्र विचार करावा लागतो. वजनाच्या आड दडण्याची पळवाट त्यामुळे बंद झाली. एक उणीव मात्र उरतेच. पदार्थ मर्यादेखाली असेल तर उत्तर देण्याची सक्ती नाही. साहजिकच पुरवठादाराचे मौन म्हणजे निर्धोकपणा की तपासणीचा अभाव, हे ग्राहकाने कसे ओळखावे?

या तरतुदींचा भारताशी संबंध निर्यातीमुळे येतो. कायदेशीर जबाबदारी युरोपातील आयातदाराची असली, तरी त्याची प्रश्नावली अखेर मुरादाबादच्या पितळकाम करणाऱ्या कारागिरापर्यंत पोहोचते. यंत्रकाम सुलभ व्हावे म्हणून पितळेत शिसे मिसळण्याची पद्धत जुनी आहे आणि शिसे २०१८ मध्ये या यादीत आले. मोडीतून पितळ ओतणाऱ्या लहान उद्योजकाला त्यातील शिशाचे प्रमाण स्वतःलाच ठाऊक नसते. प्रयोगशाळेतील चाचणीचा खर्च मोठ्या मालावर विभागला जातो. लहान मागणीवर तो नफा खाऊन टाकतो. माहितीची किंमत साखळीतील सर्वांत दुर्बल घटकाच्या माथी येते, ती अशी.

देशांतर्गत व्यवस्थेचा भर कारखान्यावर राहिला. डिसेंबर १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये, कारखाना अधिनियमात धोक्याची माहिती कामगारांना व परिसरातील रहिवाशांना देण्याचे बंधन जोडण्यात आले. १९८९ च्या नियमांनी घातक रसायनांसाठी सुरक्षा माहितीपत्रक आणले. विद्युत व इलेक्ट्रॉनिक उपकरणांत शिशाला ०.१, तर कॅडमियमला ०.०१ टक्क्याची मर्यादा आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ येथे उपयोगी पडेल, असा समज परीक्षार्थींत आढळतो. तो अधिनियम सार्वजनिक प्राधिकरणांना लागू आहे. खासगी खेळणीविक्रेत्याला त्याखाली थेट अर्ज करता येत नाही.