मॅरेथॉननंतरची सर्दी येते कुठून?

जानेवारीत मुंबई मॅरेथॉन झाली की पुढचा आठवडाभर धावपटूंच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घशाच्या तक्रारी सुरू होतात. मग कुणीतरी ठामपणे सांगतं, "इतकं धावलं की प्रतिकारशक्ती खचणारच."

या समजामागे अभ्यास आहेत. १९८२ साली केपटाउनच्या ५६ किलोमीटरच्या 'टू ओशन्स' शर्यतीनंतर दोन आठवड्यांत ३३ टक्के धावपटूंनी सर्दी-खोकल्याची तक्रार केली. न धावणाऱ्यांत हे प्रमाण १५ टक्के होतं. १९८७च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉननंतरच्या आठवड्यात १२.९ टक्के धावपटू आजारी पडले, तर तयारी करूनही न धावलेल्यांपैकी फक्त २.२ टक्के. यातून 'उघड्या खिडकी'चा सिद्धान्त रुजला: शर्यतीनंतर काही तास ते तीन दिवस शरीराची खिडकी उघडी राहते आणि जंतू आत शिरतात.

पण या दोन्ही अभ्यासांचा आधार होता धावपटूंनी स्वतः सांगितलेली लक्षणं. त्यांच्या घशात खरोखर जंतू होते का, हे कुणी तपासलं नव्हतं. पुढे ऑस्ट्रेलियात ते तपासलं गेलं. २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सर्दीसारख्या लक्षणांच्या ३७ प्रसंगांपैकी जेमतेम ११ वेळा जंतू सापडले. २०१०च्या लंडन मॅरेथॉननंतर २०८ धावपटूंपैकी जवळपास निम्म्यांना त्रास झाला. त्यांच्याच घरातल्या न धावलेल्या माणसांत हे प्रमाण साधारण एक पंचमांश होतं. त्रासाचा संबंध जुळला तो ॲलर्जीशी. तासन् तास तोंडाने श्वास घेताना कोरडी हवा, धूळ, परागकण थेट घशावर आदळतात. घसा खवखवायला विषाणूच लागतो असं नाही.

दुसरा समज जास्त भीतिदायक आहे: अतिश्रमाने पांढऱ्या पेशी मरतात. धावताना रक्तातल्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी झपाट्याने वाढतात आणि थांबल्यावर तासा-दोन तासांत नेहमीपेक्षाही खाली येतात. तेवढाच रिपोर्ट पाहिला तर घाबरायला होणारच. पण उंदरांच्या टी-पेशींवर (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) खूण करून त्यांचा माग काढला, तेव्हा त्या व्यायामानंतर फुफ्फुसांत, आतड्याच्या अस्तरात आणि अस्थिमज्जेत सापडल्या. चौकीत पोलीस दिसत नाहीत, कारण ते गस्तीवर गेलेत, तसंच हे. बाथ विद्यापीठाच्या जॉन कॅम्पबेल आणि जेम्स टर्नर यांनी २०१८मध्ये हाच मुद्दा सविस्तर मांडला.

वाद मात्र मिटलेला नाही. 'अर्धा आयर्नमॅन' या पोहणं, सायकल आणि धावणं अशा सलग शर्यतीनंतर ट्रायथलॉनपटूंना लस दिली, तेव्हा अँटिबॉडी इतरांइतक्याच तयार झाल्या. पण प्रतिकारशक्तीची त्वचेवरची चाचणी त्यांच्यात मंद निघाली. म्हणजे काहीतरी तात्पुरतं बदलतं, हे मान्य करायला हवं. माझा आक्षेप आहे तो सगळा दोष धावण्यावर टाकण्याला. शर्यतीच्या आदल्या दिवशी बिब घेण्यासाठी गर्दीत उभं राहायचं, रात्री धास्तीने झोप नाही, पहाटे तीनला उठून स्टार्ट लाइन गाठायची. अमेरिकेत १६४ जणांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब घातले, तेव्हा सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपट निघाली. त्यात एकही किलोमीटर धावण्याचा संबंध नव्हता.

व्हिटॅमिन सीबद्दल दोन्ही टोकांची मतं ऐकू येतात. सर्वसामान्य माणसाची सर्दी ते टाळत नाही. पण मॅरेथॉनपटू, स्कीपटू आणि कडाक्याच्या थंडीत सराव करणारे सैनिक अशा ५९८ जणांवरच्या पाच चाचण्यांत नियमित व्हिटॅमिन सी घेणाऱ्यांत सर्दीचं प्रमाण निम्म्यावर आलं. शिंका सुरू झाल्यावर गोळी घेणं वेगळं.

आणि एक समज खरोखर धोक्याचा आहे: "घाम काढला की ताप उतरतो." ताप, अंगदुखी किंवा छातीत भरलेला कफ असताना अजिबात धावू नका. काही विषाणू हृदयाच्या स्नायूला सूज आणतात आणि अशा वेळी जोराचा व्यायाम जिवावर बेतू शकतो. नुसतं नाक वाहत असेल तर हलकं जॉगिंग चालतं. आजारातून उठल्यावर छातीत दुखलं, विनाकारण धडधडलं किंवा नेहमीच्या वेगातही दम लागला, तर सराव थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी काढा.