मरताक्षणीचा न्याय

कॅथलिक श्रद्धेनुसार माणूस मेला की लगेच त्याच्या आत्म्याचा न्याय होतो. पण याच विषयावरून एका पोपनेच वाद ओढवून घेतला होता! १३३१ मध्ये आविन्योंत बाविसावे जॉन प्रवचनात म्हणाले, पुण्यात्म्यांनाही जगाच्या अंती होणाऱ्या अंतिम न्यायापर्यंत पूर्ण देवदर्शन नाही. धर्मपंडित खवळले. १३३४ साली मृत्युशय्येवर जॉन यांनी मत मागे घेतलं. १३३६ मध्ये पोप बाराव्या बेनेडिक्टनी प्रश्न निकालात काढला.

या श्रद्धेत मला सर्वांत भिडतं ते इच्छास्वातंत्र्य. देव कुणाला नरकात ढकलत नाही. जाणूनबुजून, शेवटपर्यंत कृपा नाकारणारा स्वतःच तिकडे जातो. मृत्यूनंतर निवड बदलत नाही, पण अखेरच्या श्वासापर्यंत बदलू शकते. दांतेच्या महाकाव्यातला बुओनकोंते १२८९ च्या लढाईत गळ्यावर घाव बसून कोसळतो, मारियेचं नाव घेतो आणि एका अश्रूवर तरतो. सैतान चडफडतो, त्याच्या हाती फक्त देह लागतो.