गाण्याची घडण – भाग ६ : धुनेतून उगवलेला राग

भाद्रपद पौर्णिमेनंतर संध्याकाळी जळगाव जिल्ह्यातल्या पहूर पेठेत किंवा कसब्यात पोरी गुलाबाईची गाणी म्हणायला बसतात. एकदा शब्द बाजूला ठेवून नुसती चाल ऐका. चार, फार तर पाच स्वर. ओळ जराशी वर चढते, लगेच उतरते, पुढच्या कडव्यात पुन्हा तेच. तानपुऱ्यावर वाढलेला माणूस म्हणेल, ह्यात गाण्यासारखं आहे तरी काय? कुमार गंधर्वांनी ह्याच प्रश्नावर आयुष्याची कित्येक वर्षं घालवली.

मागच्या भागात बंदिशीतले स्थायी-अंतरा पाहिले. आज एक पायरी मागे जाऊ : ज्या रागात बंदिश बांधायची, तो राग येतो कुठून?

कुमारांचं खरं नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली. जन्म ८ एप्रिल १९२४, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ते हुबेहूब गात. पुढे मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे रीतसर तालीम झाली. १९४७ मध्ये भानुमतींशी लग्न झालं आणि पाठोपाठ क्षयाचं निदान. कोरड्या हवेसाठी जानेवारी १९४८ मध्ये जोडपं माळव्यात देवासला गेलं. गाणं बंद. स्ट्रेप्टोमायसिन तेव्हा नुकतंच निघालेलं. त्यानं जीव वाचला, पण एक फुप्फुस कायमचं निकामी झालं. पुन्हा मैफलीत बसायला जवळपास सहा वर्षं गेली.

त्या अंथरुणावर कानांना मात्र सुट्टी नव्हती. बाहेरून जाणाऱ्या बायकांची, भिक्षेकऱ्यांची माळवी गाणी ऐकू येत. कुमार ती स्वरलिपीत उतरवू लागले. माळवा म्हणजे फार लांबचा मुलूख नव्हे. आपला सातपुडा आणि त्यापलीकडचं निमाड ओलांडलं की आलाच.

त्यांच्या लक्षात आलं ते असं. धून जुजबी स्वरांची असली, तरी त्या स्वरांवर रेंगाळण्याची, एकावरून दुसऱ्यावर जाण्याची तिची ठरलेली लकब असते. ती लकब म्हणजेच रागाचा चेहरा. राग काही आधी आरोह-अवरोहाचं गणित मांडून जन्मत नाही. तो धुनेत दडलेला असतो. मग रचनाकारानं करायचं काय? लकब पकडायची, तिला झेपेल तेवढेच स्वर पुढे जोडायचे, तार सप्तकात तीच चाल कशी वागेल ते आजमावायचं, आणि वाढवताना मूळ चेहरा हरवू द्यायचा नाही. शेवटचं काम सर्वांत अवघड. चाराचे सहा स्वर करणं कुणालाही जमतं.

अशा रागांना त्यांनी ‘धुनउगम राग’ म्हटलं. मालवती, संजारी, मघवा, सहेली तोडी, लगनगंधार ही त्यातली काही नावं. ते आणि त्यांतल्या बंदिशी ‘अनूपरागविलास’ ह्या पुस्तकात आहेत. पहिला भाग १९६५ चा, मौज प्रकाशनाचा. बंदिशींची भाषाही बरीचशी माळवी. मधसुरजा हा भर दुपारचा राग घ्या. त्यातल्या बंदिशीत बळी जाणारं जनावर देवीला विनवतं, की घरी माझं पिल्लू एकटं आहे. नवसाचा बोकड आपल्याकडे कुणाला नवा नाही, पण ख्यालाच्या बंदिशीत त्याची बाजू ऐकायला मिळते ती इथे. नायिका, सासू-नणंद, घनश्याम ह्यांच्याच गर्दीत ही रचना एकदम अंगावर येते.

कुमार तुटक, छोट्या फेकींनी गात; ते एका फुप्फुसामुळे, असं सर्रास सांगितलं जातं. मला ते अर्धंच पटतं. श्वास आखूड झाला हे खरं, पण धुनेची वाक्यंही आखूडच असतात, आणि तो माणूस वर्षानुवर्षं धुनाच ऐकत पडला होता.

जाता जाता जळगावचा एक धागा. नारायण राजहंस लहानपणी जळगावात मेहबूब खाँकडे गाणं शिकले. पुढे ते बालगंधर्व झाले, आणि त्यांच्या गाण्याचा स्वतःला लागलेला अर्थ कुमारांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ ह्या कार्यक्रमातून मांडला. तिथेही रीत तीच : नक्कल नाही, लकब शोधायची.

आता एक कुरकुर. हे राग फारसे फैलावले नाहीत. कुमारांची मुलं मुकुल आणि कलापिनी, दुसऱ्या पत्नी दिवंगत वसुंधराताई, शिष्यमंडळी ह्यांच्यापलीकडे ते क्वचितच कानावर पडतात. यमन शेकडो गवयांनी शेकडो तऱ्हांनी गायला, म्हणून तो कुणा एकाचा राहिला नाही. मधसुरजा मात्र अजून कुमारांच्या बंदिशीला चिकटून आहे. तो गायचा म्हणजे ती बंदिश गायची, आणि ती गाताना कुमारांचा आवाज कानातून हलत नाही. १२ जानेवारी १९९२ ला ते देवासला गेले. म्हणजे दुसऱ्या कुणाला ह्या रागांत स्वतःच्या बंदिशी बांधायला वेळ भरपूर मिळालेला आहे.

पुढच्या भागात ‘अनूपरागविलास’मधली स्वरलिपी वाचायची कशी, ते पाहू. पेटी असेल तर जवळ घेऊन बसा.